काहिलीतलं गार पाणी

गेल्या दिवाळीत याच अंकात सीमाभागातल्या जुन्या कारागिरांवर एक लेख आला होता. त्यात माझा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, 'गरम पाण्याचे मिस्त्री'. लेख लिहिणारा माणूस भला होता. बेळगावात अनगोळला घरी आला, चहा घेतला, मी बोलत गेलो ते लिहून घेत गेला. ट्रकच्या इंजिनाचा ऑइल कूलर गरम पाण्यात तपासायची रीत या पट्ट्यात मी आणली, असं त्यानं लिहिलं. मी तसं सांगितलं नव्हतं. पण 'तसं नाही' असंही सांगितलं नव्हतं.

अंक घरी आला तेव्हा सुनेनं ते पान फ्रेम करून भिंतीवर लावलं. पाहुणे येतात, वाचतात, माझ्याकडं बघतात. मी खुर्चीची जागा बदलून बघितली, पण घर लहान आहे. कुठंही बसलं तरी ते पान दिसतं.

म्हणून यंदा संपादकांना विचारून मीच लिहायला बसलोय. ती रीत माझी नव्हे. पायगोंडा नावाच्या माणसाची आहे. आणि बऱ्याच वर्षांपूर्वी तवंदी घाटात एक गुळाची गाडी बसली, त्याचा ठपका निपाणीच्या बाजारात पायगोंडावर आला, तो माझा होता. सांगायचं ते एवढंच. पण ज्यानं कधी इंजिन उघडं बघितलं नाही, त्याला नुसतं एवढं सांगून उपयोग नाही. थोडं कूलरबद्दल सांगावं लागेल, थोडं पायगोंडाबद्दल.

इंजिनात ऑइल फिरतं ते सगळ्या भागांना बुळबुळीत ठेवायला. ते फिरता फिरता तापतं. फार तापलं की पातळ होतं, आणि पातळ ऑइल म्हणजे नावालाच ऑइल. त्याला गार करायला इंजिनाच्या कुशीत एक डबा असतो. त्यात आतून ऑइल वाहतं, बाहेरून रेडिएटरचं पाणी. दोघांच्या मधे पितळी पत्र्याची पातळ भिंत, झाळून, म्हणजे वितळलेल्या धातूनं सांधून जोडलेली. उष्णता पार जावी, पण ऑइल जाऊ नये, एवढंच तिचं काम. हा कूलर. त्याच्या आतल्या जाळीला आम्ही कोर म्हणतो.

ही भिंत कुठं चिरली की घोटाळा सुरू होतो. गाडी चालू असते तेव्हा ऑइलचा जोर जास्त, म्हणून ऑइल पाण्यात शिरतं. गाडी बंद केली की ऑइलचा जोर संपतो, पाण्याचा थोडा राहतो, मग पाणी ऑइलमध्ये शिरतं. रेडिएटरचं झाकण काढलं की आत तपकिरी साय दिसते, दुधाच्या चहासारखी. एक ड्रायव्हर आमच्याकडं आला होता तो भांडायच्या तयारीनंच. त्याला वाटलं होतं, धाब्यावरच्या पोरांनी मुद्दाम रेडिएटरमध्ये चहा ओतला. त्यानं बोट बुडवून चव पण घेतली होती. साखर नव्हती म्हणून त्याला शंका आली, असं तो म्हणाला.

निपाणीत तर रेडिएटर गळायला लागला की त्यात तंबाखूची भुकटी टाकायची पद्धत होती. गाव तंबाखूचं, भुकटी फुकट. भुकटी फुगून चिरेत बसते आणि गळती थांबते, निदान संकेश्वरपर्यंत. असा एक रेडिएटर मी बेसावधपणे उघडला. वाफेबरोबर ती भुकटी तोंडावर आली आणि मी, पायगोंडा, गाडीचा मालक, बाजूचा पंक्चरवाला, सगळे शिंकत सुटलो. पायगोंडा शिंकता शिंकता म्हणाला, "इंजिनाला बी शिंक आली असती, पर ते सभ्य हाय."

तो असा होता. लई बोलायचा नाही, पण बोलला की दुपार बरी जायची.

आमचं दुकान निपाणीत हायवेच्या कडेला होतं. दोघांचं भागीत. मी अनगोळचा, शेतकऱ्याच्या घरातला, इंजिनाची कामं शिकून तिकडं गेलेला. तो वेदगंगेकाठच्या गावातला, जैन शेतकऱ्याचा मुलगा. घरात ऊस, तंबाखू, स्वतःचं गुऱ्हाळ. त्यातलं सगळं भावांवर सोडून हा पितळ आणि झाळ शिकला. इंजिन माझं, कूलर आणि रेडिएटर त्याचं, अशी वाटणी पहिल्यापासून ठरलेली. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं जड झाकण, बसवताना बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीनं आवळावे लागतात. त्याला तो मदतीला यायचा. मी मराठीत मोजायचो, तो कन्नडमध्ये. ओंदु, येरडु, मूरु. एकाचा आकडा दुसऱ्यात मिसळायचा नाही. इतक्या वर्षांनी सांगतो, आमचा एकही बोल्ट कधी सुटला नाही.

त्याचे धर्माचे नेम पक्के होते. गाळलेलं, उकळलेलं पाणी प्यायचा. त्याची तांब्याची किटली वेगळी, तिला आमच्यापैकी कुणी हात लावायचं नाही. दिवस मावळायच्या आत जेवायचं. संध्याकाळी ऊन पलीकडच्या वखारीच्या भिंतीवर चढलं की तो हात धुवायचा, सायकल काढायचा, खोलीवर जाऊन जेवायचा आणि परत यायचा. परत आल्यावर कितीही वेळ काम करायचा. पण त्या वेळेला गाडीचा मालक समोर बसलेला असो की आणि कुणी, तो थांबायचा नाही. गिऱ्हाइकं कुरकुरायची. मी त्यांना चहा पाजायचो.

गरम पाण्याची गोष्ट अशी. तेव्हा सगळीकडं कोर गार पाण्यात तपासत. एक तोंड रबर लावून पट्टीनं बंद करायचं, दुसऱ्या तोंडातून पंपानं हवा भरायची, टाकीत बुडवायचं. बुडबुडा आला तर गळती. नाही आला तर कोर चांगला. पण कित्येक कोर असे यायचे की टाकीत बुडबुडा नाही, आणि गाडीला लावले की पुन्हा साय. मग लोक हेड गॅस्केटला, म्हणजे हेडखालच्या पातळ पॅकिंगला, दोष द्यायचे, कारण ते जळलं तरी ऑइल-पाणी एक होतं. विनाकारण हेड उतरायची, आणि खरं सांगायचं तर मिस्त्रींना ते काम आवडायचं पण.

एकदा पायगोंडानं एक कोर सोड्याच्या पाण्यात उकळायला टाकला, मळ काढायला. आत सोडा जाऊ नये म्हणून दोन्ही तोंडं बंद केली होती. पाणी तापलं तशी आत कोंडलेली हवा फुगली, आणि जो कोर गार टाकीत दोनदा पास झाला होता, त्याच्या एका कडेनं बारीक बुडबुड्यांची माळ निघाली. त्यानं मला हाक मारली. आम्ही दोघं उकिडवे बसून बघत राहिलो. मी म्हणालो, गार पाण्यात कसं नाही दिसलं? तो म्हणाला, "मारुत्या, गाडी काय गार पाण्यात पळती व्हय?"

पत्रा तापला की फुगतो, चीर उघडते. गार झाला की मिटते. एवढी साधी गोष्ट, पण ती त्याला दिसली. मग त्यानं घरच्या गुऱ्हाळातली एक जुनी लहान काहील आणली, गुळासाठी उसाचा रस आटवायची, तळ थोडा जळलेला. दुकानामागं तीन दगडांवर ती ठेवली. खाली उसाची चिपाडं, तंबाखूच्या वाळक्या काड्या. कूलरचं काम आलं की काहील पेटायची. काम झालं की तो त्याच ऊन पाण्यानं हात धुवायचा. दिवसभराचं ऑइल, काजळी कोपरापर्यंत घासून काढायचा, आणि मगच टॉवेलला हात लावायचा. त्या वेळी त्याच्या तोंडावर जे समाधान असायचं ते मी नंतर कुणाच्या तोंडावर बघितलं नाही.

त्या रीतीमुळं आमचं नाव झालं. गोव्याला जाणाऱ्या, बेंगळुरूला जाणाऱ्या गाड्या निपाणीत थांबायला लागल्या.

आता तो दिवस.

पर्युषणाचे दिवस होते. पायगोंडा एक वेळच जेवत होता, तेही संध्याकाळी, मावळतीच्या आत. एक गाडी आली. गूळ भरलेली, गोव्याला जायची. ड्रायव्हरचं नाव बसू, खानापूरकडचा, गरीब स्वभावाचा. मालक स्वतः बरोबर होता आणि तो स्वभावानं अगदी उलट. रेडिएटरात साय. मी हेड उतरवलं. गॅस्केट एका जागी करपलेलं दिसलं, आणि मला वाटलं, सापडलं. इथंच माझी चूक सुरू झाली. हातात एक कारण आलं की मिस्त्री दुसरं शोधत नाही.

पायगोंडानं तोवर कूलर काढून कोर मोकळा केला, तोंडं बंद केली, काहिलीखाली जाळ घातला. ऊन वखारीच्या भिंतीवर चढलं. तो माझ्याकडं आला, आणि त्याचे शब्द मला आजही तसेच ऐकू येतात.

"मी जेवून येतो. तवर पाणी गार होऊ देऊ नको. आल्यावर बघू."

मी व्हय म्हणालो. तो गेला.

मी हेड बसवत होतो. चिपाडं पावसानं दमट होती, मधेमधे जाऊन फुंकायला हवं होतं. मी गेलो नाही. मालक स्टुलावर बसून बोलत होता. त्याचं म्हणणं असं की गॅस्केट जळलेलं तुम्हीच दाखवलंत, मग आता कशाची वाट बघायची? एक माणूस जेवायला गेला म्हणून माझी गाडी थांबणार का? तुम्ही मिस्त्री की तो? शेवटचं त्यानं दोनदा म्हटलं. ते मला लागलं, हे आज कबूल करतो. दुकान दोघांचं होतं, पण 'कूलरवाले' म्हणून लोक ओळखायला लागले होते, आणि कूलरवाला मी नव्हतो.

मी मागं गेलो. जाळ विझला होता. राख होती. कोरचं एक तोंड खोलून पंपानं हवा भरली, काहिलीत बुडवला. बुडबुडा आला नाही. पाण्यात हात घातला होता मी, पाणी गार होतं, मला माहीत होतं. पण बुडबुडा नव्हता आणि गॅस्केट करपलेलं मी डोळ्यांनी बघितलं होतं. कोर बसवला, ऑइल भरलं, पाणी भरलं, गाडी चालू केली. ऑइलच्या दाबाचा काटा बरोबर उभा राहिला.

पायगोंडा सायकल लावत होता तेव्हा मी शेवटचा बोल्ट पुन्हा आवळून बघत होतो. त्यानं कूलरकडं बघितलं.

"बघितलंस?"

"बघितलं."

"गरम?"

"व्हय."

मालक, बसू, दोघं तिथंच उभे होते. पायगोंडा मागं गेला, नेहमीसारखे काहिलीत हात धुतले, टॉवेलनं पुसले, परत आला. काही बोलला नाही. गाडी गेली.

तवंदीचा घाट निपाणी सोडली की लगेच लागतो. भरलेली गाडी, चढ, इंजिन तापलं. कोरची झाळ एका बाजूनं सबंध उकलली. ऑइल सगळं पाण्यात गेलं. बसूचं लक्ष रस्त्यावर होतं, काट्यावर नव्हतं, आणि घाटात ते तसंच असायला हवं. इंजिन जाम झालं, आतला दांडा तुटून इंजिनाचं अंग फोडून बाहेर आला. गाडी मागं सरायला लागली तशी त्यानं ती डोंगराच्या अंगाला घातली. जीव वाचला. उजवा हात मोडला, तो पुढं नीट बसला नाही. बसूनं नंतर गाडी सोडली आणि खानापूरला स्टँडजवळ चहाचा गाडा टाकला. मी बेळगावला आल्यावर तिकडून जाताना कित्येकदा त्याच्याकडं चहा प्यालो. तो डाव्या हातानं ओतायचा. त्याला कधी सांगितलं नाही. आता तो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक आला, बरोबर चार माणसं. दुकानापुढं लोक जमले. त्यानं एकच विचारलं, कूलर कुणी बघितला? पायगोंडा बाजूला रेडिएटर घासत बसला होता. मी म्हणालो, "कूलरचं काम पायगोंडाच बघतोय."

या वाक्यात एक अक्षर खोटं नाही. मी हे वाक्य इतक्या वेळा उलटंपालटं करून बघितलंय की मला ते पाठ झालंय. कूलरचं काम तोच बघत होता. सगळ्या बाजाराला माहीत होतं. आणि तो संध्याकाळी जेवायला गेला होता, हेही मालकानं डोळ्यांनी बघितलं होतं. मला आणखी काही सांगायची गरजच पडली नाही.

पायगोंडानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता बोलेल. त्यानं हातातला ब्रश खाली ठेवला आणि मालकाला म्हणाला, "चूक झाली." एवढंच.

पुढं बाजारानं त्याला सोडलं नाही. सूर्य मावळला की ह्याचा पाना मावळतोय, असं एकजण म्हणाला आणि ते वाक्य हायवेवरच्या सगळ्या गॅरेजांतून फिरलं. त्याच्या जेवणाच्या नेमावर लोक हसायला लागले. ड्रायव्हर दुकानात येऊन मला बाजूला घेऊन म्हणायचे, मिस्त्री, कूलर तुम्हीच बघा हो. मी बघायचो. गरम पाण्यातच बघायचो. एकदाही पाणी गार होऊ दिलं नाही, नंतर कधीच नाही.

दिवाळी झाल्यावर तो दुकान सोडून गावी गेला. झाळायची हत्यारं आणि पाण्याची किटली घेतली. काहील सायकलवर मावणारी नव्हती. मी म्हणालो, टेंपो बघून पाठवून देतो. तो म्हणाला, "राहू दे तुझ्याकडं. तुला लागंल."

त्यात टोमणा होता की नव्हता, हे मी आयुष्यभर ठरवू शकलो नाही.

वर्षभरात मीही निपाणी सोडली. पिरनवाडीच्या पुढं खानापूर रस्त्याला गॅरेज टाकलं. काहील बरोबर नेली. तिच्या जोरावर माझं नाव झालं. आजरा, चंदगडकडून सुद्धा गाड्या यायच्या. लोक विचारायचे, ही युक्ती कुठनं काढली मिस्त्री? मी हसायचो. हसणं हे उत्तर म्हणून खपतं.

संध्याकाळ मात्र वाईट जायची. ऊन भिंतीवर चढलं की मी आपोआप मान वळवून बघायचो. सायकलचा स्टँड पडल्याचा आवाज येईल असं वाटायचं. हेड आवळताना समोर कुणीही असो, मी मराठीत मोजायचो आणि पलीकडून मराठीतच आकडा यायचा, आणि माझी गफलत व्हायची. कामगार म्हणायचे, मिस्त्रींचं वय झालं. वय झालं नव्हतं. मला पलीकडून 'येरडु' ऐकायची सवय होती.

आता ते काम राहिलं नाही. पुतण्या गॅरेज चालवतो. नव्या गाड्यांचा कूलर गळला की नवा मागवतात, जुना भंगारात. कुणी झाळत नाही, कुणी तपासत नाही. काहील शेडमागं पालथी पडली होती. निपाणीतली आमची जागा हायवे रुंद झाला त्यात गेली. मी मधे एकदा बसनं जाताना ती शोधायचा प्रयत्न केला. वखारीची भिंत ओळखू येते का बघत होतो. सर्व्हिस रोड लागला आणि बस पुढं गेली.

हा लेख लिहायच्या आधी त्याला भेटायचं ठरवलं. निमित्त म्हणून पुतण्याकडं एक जुनी उसाची गाडी आली होती तिचा कोर घेतला. गार पाण्यात पास होत होता आणि रेडिएटरात साय येत होती. पुतण्याच्या छोट्या टेंपोत तो कोर घातला आणि काहील घातली. काहील घासून घेतली होती. पुतण्या म्हणाला, काका, भंगारवाला इथंच येतोय की. मी म्हणालो, ही दुसऱ्याची आहे.

वेदगंगेकाठी त्याच्या गावी पोचलो तेव्हा पायगोंडा घराच्या मागच्या अंगणात बसला होता. वाळला होता. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, जाड चष्मा. मला ओळखायला त्याला वेळ लागला नाही. टेंपोतनं काहील उतरताना तिचा आवाज झाला तेव्हाच तो उठला होता.

"आणलीस व्हय," तो म्हणाला. मग माझ्याकडं बघून, "म्हातारा झालास रं."

त्याच्या सुनेनं पाणी दिलं, गूळ दिला. घरची चौकशी झाली. गुऱ्हाळ बंद पडलंय, मुलगा ऊस कारखान्याला घालतो, बायको जाऊन बरेच दिवस झाले. मी फ्रेममधलं पान बरोबर नेलं होतं. त्याला वाचून दाखवलं. मग सांगितलं, सगळं, त्या संध्याकाळचं. जाळ विझला ते, मालक काय म्हणाला ते, मला काय लागलं ते. बोलताना मी जमिनीकडं बघत होतो.

तो म्हणाला, "मला ठावं हुतं."

मी वर बघितलं.

"काहिलीत हात धुतले न्हाईत व्हय मी? पाणी गार हुतं. गाडी अजून दारात हुती. बसू चढला बी नव्हता."

"मग बोलला का न्हाईस?"

"गिऱ्हाइकापुढं तुला खोटं कसं पाडायचं? म्हटलं, मारुत्या म्हणतोय तर बघितलं असंल, मागनं गार झालं असंल. मनाला समजावलं. तू गार पाण्यात बघितलंस, मी गार पाण्यात हात धुतले. गाडी दोघांनी सोडली. म्हणून तर चूक झाली म्हटलं. तुझ्यासाठी न्हाय. माझी बी हुतीच की."

इतकी वर्षं मी एकट्यानं ती गाडी घाटात ढकलत होतो. दुसऱ्या बाजूनं तोही ढकलत होता, आणि आम्ही चाळीस-पन्नास मैलांवर दोन गावांत बसून एकमेकांना एकदाही हाक मारली नाही. मला रडू आलं नाही. नुसतं अंग दुखायला लागलं, जड काम उतरवल्यावर दुखतं तसं.

मी म्हणालो, सगळं लिहिणार आहे, अंकात, तुझ्या नावानिशी. तो म्हणाला, "लिही. पर माझं हात धुतल्याचं बी लिही. अर्धं काम करू नको."

ते लिहिलं आहे.

मग त्यानं कोर मागितला. मांडीवर घेऊन सगळ्या कडांवरनं बोट फिरवलं. तोंडं त्यानंच बंद केली, रबर, पट्टी, बोल्ट. वेळ लागत होता, पण मी मधे पडलो नाही. अंगणात तीन दगड मांडले, काहील ठेवली, पाणी ओतलं, चिपाडं पेटवली. कोर बुडवला. आम्ही दोघं उकिडवं बसायला गेलो आणि दोघांनाही गुडघ्यानं नाही म्हटलं. सुनेनं दोन स्टुलं आणून दिली.

पाणी तापत होतं. बुडबुडा नव्हता. त्यानं पाण्यात बोटं बुडवून बघितली आणि मान हलवली. अजून नाही. ऊन समोरच्या गोठ्याच्या छपरावर चढलं होतं. आतून सुनेनं हाक मारली, मामा, दिवस चाललाय. तो काठी घेऊन उठला. मलाही जेवायला चल म्हणाला. मी म्हणालो, मी मागनं जेवतो.

तो दारापर्यंत गेला आणि वळला.

"पाणी गार होऊ देऊ नको," म्हणाला. "आल्यावर बघू."

मी जाळ घालत बसलो. चिपाडं कोरडी होती, चांगली धडधडत होती. मधेमधे फुंकत होतो. आत ताटाचा आवाज येत होता. ऊन छपरावरनं गेलं तेव्हा कोरच्या डाव्या कडेला एक बुडबुडा आला, मागनं दुसरा, मग माळ लागली. चीर कुठं आहे ते स्वच्छ दिसत होतं. खूण करायला खडू माझ्या खिशात होता.

मी खडू काढला नाही. कोरला हात लावला नाही. बुडबुडे मोजत राहिलो, ओंदु, येरडु, मूरु, आणि चिपाडं सारत राहिलो. तो येऊन बघणार होता.